स्टेपमॅनियात बाण आणि गाणं सारखं सुटतंय? गाण्याच्या फाइलला हात लावण्याआधी हे तपासा

स्टेपमॅनिया हा कॉम्प्युटरवरचा मुक्त नाचगेम : पडद्यावर बाण येतात आणि गाण्याच्या ठोक्यावर पायाखालच्या पॅडवरचा तोच बाण दाबायचा. बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात तो खेळणाऱ्या पोरांची तक्रार बहुधा एकच असते : "काल बरोबर होतं की, आज बाण मागं पडालेत." मग कुणीतरी खेळता खेळता एफ ११, एफ १२ दाबून गाणं आपल्या पायाला जुळवून घेतो. गाणं संपल्यावर गेम विचारतो, बदल ठेवू का? तो 'हो' म्हणतो. आठवड्याभरात तेच फोल्डर पेनड्राइव्हवरनं शहापूरहून अनगोळला, तिथून खानापूरला पोचतं. खानापूरच्या घरात टीव्ही वेगळा, स्पीकर वेगळा, त्यामुळे तिथं गाणं पुन्हा सुटलेलं दिसतं आणि तिथला पोरगा आपल्या टीव्हीप्रमाणे ते पुन्हा जुळवतो. अशा चार घरांच्या चार दुरुस्त्या एकाच फाइलीत साचल्या की ते गाणं कुठल्याच घरात धड चालत नाही.

हा दोष परत परत येण्याचं मूळ कारण हेच आहे. मशिनचा दोष गाण्याच्या फाइलीत भरला जातो आणि फाइल गावभर फिरते. म्हणून माझं आग्रहाचं सांगणं : दोष कुठला आहे हे कानानं ओळखेपर्यंत 'सेव्ह करू का' या प्रश्नाला 'नाही' म्हणा.

गाणं आणि बाण जुळवायला वेळ पुढंमागं सरकवणारा आकडा म्हणजे ऑफसेट. स्टेपमॅनियात तो दोन जागी असतो. एक प्रत्येक गाण्याच्या एसएम किंवा एसएससी फाइलीत, म्हणजे त्या गाण्याचे बाण साठवणाऱ्या फाइलीत. ध्वनिफाइल सुरू झाल्यावर पहिली मात्रा नेमकी कुठं पडते, एवढंच तो सांगतो. हे त्या रेकॉर्डिंगबद्दलचं सत्य आहे, घर बदललं म्हणून ते बदलत नाही. दुसरा ऑफसेट मशिनचा. तो सेव्ह फोल्डरातल्या प्रेफरन्सेस फाइलीत 'ग्लोबल ऑफसेट सेकंड्स' या ओळीत असतो आणि तुमचा स्पीकर, तुमचं साउंड कार्ड यांच्यामुळे होणारा उशीर भरून काढतो. गाण्याचा ऑफसेट नुसत्या एफ ११, एफ १२ नं हलतो. शिफ्ट धरून त्याच कळा दाबल्या की मशिनचा हलतो. एका दाबाला २० मिलिसेकंद. सोबत ऑल्ट धरलं तर १ मिलिसेकंद. लॅपटॉपवर या कळांनी आवाज किंवा उजेड कमीजास्त होत असेल तर एफएन कळही धरावी लागते.

आता ओळखायचं कसं? यासाठी गेममध्येच एक उत्तम सोय आहे आणि ती फारच कमी लोक वापरतात. सोपी पातळी निवडून गाणं सुरू करा. एफ ८ दाबा, म्हणजे ऑटोप्ले सुरू होतो, गेम स्वतःच खेळतो आणि कुणाला नाचावं लागत नाही. मग एफ ७ दाबा. प्रत्येक बाणावर टाळीसारखा टिक असा आवाज येऊ लागतो. डोळे मिटा आणि नुसतं ऐका. टिक तबल्याच्या, ढोलाच्या, जे काही वाजत असेल त्याच्या ठोक्यावर बरोबर बसतेय का?

या परीक्षेची खुबी अशी की टिक आणि गाणं दोन्ही त्याच स्पीकरमधून येतात. स्पीकर कितीही उशिरा वाजला तरी दोघांना तेवढाच उशीर होतो. शिवाय टिक वाजवताना गेम मशिनचा ऑफसेट धरतच नाही. त्यामुळे टिक ठोक्यावर बसली तर गाण्याची फाइल निर्दोष आहे. सुटतंय ते तुमच्या मशिनमुळे. गाणंभर टिक सारख्याच अंतरानं पुढं किंवा मागं राहिली तर गाण्याचा ऑफसेट चुकलाय. आणि सुरुवातीला बरोबर बसून टिक हळूहळू सरकत गेली तर ऑफसेटचा काही संबंध नाही, बीपीएम (मिनिटाला पडणाऱ्या मात्रांचा आकडा) चुकलाय. या तीन दोषांवर तीन वेगळे उपाय आहेत, आणि एकाचा उपाय दुसऱ्यावर केला की गुंता वाढतो.

सिंपली लव्ह ही थीम, म्हणजे गेमचं पडद्यावरचं रूप, वापरत असाल (आयटीजीमॅनिया या स्टेपमॅनियापासून निघालेल्या गेममध्ये ती आधीपासूनच असते) तर खेळून झाल्यावर निकालाच्या पानावर ठिपक्यांचा आलेख दिसतो. एक ठिपका म्हणजे एक पाऊल. ठिपक्यांचा पट्टा मधल्या रेषेला समांतर पण एका बाजूला सरकलेला असेल तर ऑफसेट, आणि पट्टा तिरका चढत किंवा उतरत गेला असेल तर बीपीएम.

टिक बरोबर, तरी पाय चुकतोय

आधी ब्लूटूथ स्पीकर बंद करा आणि वायर लावा. ब्लूटूथनं आवाज सहज १०० मिलिसेकंदांच्या वर मागं पडतो, आणि तो उशीर प्रत्येक वेळी जोडताना सारखाच राहील याची खात्री नसते. 'काल बरोबर होतं, आज नाही' याचं कारण बऱ्याचदा एवढंच असतं. पाऊल ठोक्याच्या किती जवळ पडलं यावर गेम प्रत्येक पावलाला शेरा देतो. स्टेपमॅनियाच्या नेहमीच्या मापात सर्वोत्तम शेऱ्यासाठी ठोक्याच्या दोन्ही बाजूंना २२.५ मिलिसेकंद मिळतात, त्याखालच्यासाठी ४५, मग ९०, १३५, आणि शेवटच्यासाठी १८०. दीडशे मिलिसेकंदांचा उशीर म्हणजे कितीही चांगला नाचणारा शेवटच्या शेऱ्यावर येऊन पडणार.

टीव्हीला जोडलं असेल तर टीव्हीच्या सेटिंगमध्ये 'गेम मोड' शोधा. तो चालू केला की चित्र गुळगुळीत करण्याची प्रक्रिया बंद होते आणि चित्रातला उशीर बराच कमी होतो. एचडीएमआयमधून टीव्हीच्याच स्पीकरला आवाज जात असेल तर तोही टीव्हीतून फिरून येतो. कॉम्प्युटरमधून वेगळी वायर काढून ॲम्प्लिफायरला द्या.

मंडळाच्या हॉलमध्ये किंवा मांडवात खेळत असाल तर स्पीकरचं अंतरही धरावं लागतं. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. पॅडपासून १० मीटरवर स्पीकर असेल तर २९ मिलिसेकंद तिथंच गेले, म्हणजे उत्तम शेरा नुसत्या अंतरानं हुकला. खेळणाऱ्याजवळ एक लहान स्पीकर ठेवणं हा त्यावरचा खरा उपाय.

जोडणी पक्की झाल्यावरच ऑप्शन्समध्ये 'कॅलिब्रेट मशिन सिंक' उघडा (सिंक म्हणजे बाण आणि गाण्याचा मेळ). तिथं ठोका ऐकून पाऊल टाकत राहायचं. गेम २४ पावलं गोळा करतो, त्यांची सरासरी काढतो आणि मशिनचा ऑफसेट तेवढा सरकवतो. पावलं फार विखुरलेली असली तर ती मोजणी टाकून देतो. म्हणून हे काम घरातल्या सर्वांत स्थिर लयीच्या माणसाला द्या. टाळ किंवा मृदंग धरणारा कुणी असेल तर त्याला बोलवा, त्याला गेम येत नसला तरी चालेल. एवढ्यावर ऐकून टाकलेलं पाऊल बरोबर पडतं पण बाण डोळ्यांना पुढंमागं दिसतात, असं झालं तर 'व्हिज्युअल डिले' बदला. त्यानं फक्त चित्र सरकतं, शेऱ्याचं माप तेच राहतं. दोन्ही आकडे प्रेफरन्सेस फाइलीत हातानंही लिहिता येतात, पण गेम बंद करून. गेम बंद होताना आपले आकडे परत लिहितो आणि तुमचा बदल पुसला जातो.

लाइट गेली आणि लॅपटॉप बॅटरीवर आला की बाण अडखळत येतात. हा सिंकचा दोष नाही, लॅपटॉपनं वीज वाचवायला वेग कमी केलेला असतो. तेवढ्यासाठी कुठलाही ऑफसेट हलवू नका.

एकाच गाण्यात टिक सारख्या अंतरानं चुकतेय

इथं गाण्याचा ऑफसेट बदलायचा. कळ एकदा दाबा, टिक कुठल्या बाजूला सरकली ते ऐका, मग ठरवा. पडद्यावर आकडाही दिसतो. एफ ६ नं ऑटोसिंकही लावता येतो : पहिल्या दाबाला गाण्याचा, दुसऱ्याला मशिनचा, तिसऱ्याला टेम्पोचा, म्हणजे बीपीएमचा. पण पाय चुकीचा असला तर ऑटोसिंक चुकीचंच शिकतो, म्हणून मी टिक ऐकून हातानं सरकवणंच पसंत करतो. फाइलीत थेट लिहायचं असेल तर चिन्हाकडे लक्ष द्या. पहिली मात्रा ध्वनिफाइलीत अर्ध्या सेकंदावर पडत असेल तर ऑफसेट उणे ०.५०० लिहायचा, अधिक नव्हे.

दोन कारणं इथं वारंवार भेटतात. पहिलं, कुणीतरी एमपीथ्री बदलून ओजीजी केलेली असते, किंवा उलटं. एमपीथ्री बनताना सुरुवातीला थोडी शांतता भरली जाते. एमपीथ्री बनवणारा नेहमीचा प्रोग्राम लेम आणि ती उघडून वाजवणारा डिकोडर यांची मिळून १,१०५ सॅम्पल, म्हणजे ४४.१ किलोहर्ट्झवर २५ मिलिसेकंद. काही प्रोग्राम ती कापतात, काही तशीच ठेवतात. ओजीजीत हा प्रश्न येत नाही, म्हणून नवीन गाणं बांधताना, म्हणजे त्यावर बाण बसवताना, पहिल्यापासून ओजीजीच वापरा आणि नंतर ध्वनिफाइल बदलू नका. दुसरं, एसएम फाइलीत बदल केला तरी गेममध्ये काहीच फरक पडत नाही. फोल्डर नीट बघा, शेजारी एसएससी फाइलही असणार. स्टेपमॅनिया ५ दोन्ही असतील तर एसएससी वाचतो. बदल तिथं करा आणि ऑप्शन्समधून गाणी पुन्हा लोड करा.

इन द ग्रूव्ह या २००४ च्या आर्केड खेळाचं इंजिन स्टेपमॅनियाचंच होतं, आणि त्याच्या पद्धतीनं बांधलेली पॅक्स (गाण्यांचे संच) बाकीच्यांपेक्षा ९ मिलिसेकंदांनी वेगळी बसतात. नव्या खेळाडूच्या पायाला ते कळत नाही. स्पर्धेच्या तयारीत असाल तरच त्यामागे लागा.

सुरुवातीला बरोबर, शेवटी पूर्ण सुटलेलं

आपल्या भागात बांधलेल्या गाण्यांमध्ये हाच दोष सर्वांत जास्त दिसतो, आणि यावर थोडं बसून काम करावं लागतं.

बीपीएममधली चूक किती छोटी असली तरी ती साचत जाते. समजा गाणं खरं १२०.१ चं आहे आणि फाइलीत १२० लिहिलंय. तीन मिनिटांत ३६० मात्रा होतात, आणि शेवटच्या मात्रेला जवळपास १५० मिलिसेकंदांचा फरक पडलेला असतो. ०.१ च्या चुकीनं खेळाडू सर्वोत्तम शेऱ्यावरून तळाला येतो. आणि बिचारा समजतो की पाय दमले.

स्टुडिओत कॉम्प्युटरवर बांधलेल्या गाण्याचा बीपीएम बहुतेक वेळा पूर्णांकात असतो आणि शेवटपर्यंत तोच राहतो. तिथं ॲरोव्हॉर्टेक्स या बाण बांधायच्या एडिटरची बीपीएम शोधण्याची सोय वापरा, आणि १२७.९९८ असं काही आलं तर १२८ लिहून टिक ऐकून बघा. स्टेपमॅनियाच्या स्वतःच्या एडिटरमध्ये एफ ७, एफ ८ नं त्या मात्रेवरचा बीपीएम कमीजास्त होतो.

पण आपल्याकडची पोरं ढोल-ताशा, लेझीम, झांज आणि भजनाचं रेकॉर्डिंग लावतात. लावावंच. वारीतल्या गजरावर बांधलेली पावलं नाचताना अंगात जो उत्साह येतो तो दुसऱ्या कशात नाही. पण तिथं माणसं वाजवताहेत. लय चढते, आणि ती चढावी म्हणूनच वाजवताहेत. अशा गाण्याला एक बीपीएम असूच शकत नाही. कितीही दशांशांचा आकडा शोधलात तरी मधे कुठंतरी टिक सुटणारच.

यावर उपाय असा. गाणं ऑडॅसिटीत उघडा. तोही मुक्त प्रोग्राम आहे. भजनी ठेका आठ मात्रांचा, म्हणून प्रत्येक आवर्तनाची सम, म्हणजे पहिली मात्रा, शोधा आणि तिची वेळ फाइलच्या सुरुवातीपासून मोजून लिहून काढा. समजा एक सम १२.४० सेकंदांवर आहे आणि पुढची १६.६० वर. मधे ४.२० सेकंद. आठ मात्रा गुणिले ६० म्हणजे ४८०, भागिले ४.२०, उत्तर ११४.२८६. हा त्या आवर्तनाचा बीपीएम. असा आकडा दर आठव्या मात्रेला लिहायचा. फाइलीत बीपीएमच्या ओळीत मात्रेचा क्रमांक, बरोबरचं चिन्ह, मग बीपीएम, आणि स्वल्पविराम देऊन पुढची जोडी. मात्रा शून्यापासून मोजतात, त्यामुळे क्रमांक ०, ८, १६, २४ असे जातील.

वेळ सुरुवातीपासून मोजायची हे मुद्दाम सांगतोय. प्रत्येक आवर्तनाची लांबी वेगळी मोजून लिहिलीत तर दर वेळची शतांश सेकंदाची चूक पुढच्यात मिळत जाते. सुरुवातीपासूनच्या वेळा घेऊन वजाबाकी केली तर एका समेची चूक तिथंच राहते, पुढं सरकत नाही. दुसरी गोष्ट, दुरुस्ती नेहमी पहिल्या आवर्तनापासून शेवटाकडे करत जा. आधीचा एक बीपीएम बदलला की त्यानंतरची प्रत्येक मात्रा जागची हलते. शेवट आधी जुळवून ठेवलात तर ते काम वाया जातं.

लय चढत्या गाण्यात बाणांचा पडद्यावरचा वेगही चढत जातो आणि नव्या खेळाडूला ते वाचता येत नाहीत. त्यांना वेगाच्या पर्यायांत सी-मॉड द्या, सी ३०० किंवा सी ४००. मग बीपीएम काहीही झाला तरी बाण एकाच वेगानं येतात.

सिंकसारखं दिसणारं, पण पॅडचं दुखणं

डावा आणि उजवा बाण एकत्र आला की हमखास चुकतो, बाकी सगळं ठीक. हा दोष अडॅप्टरचा. प्लेस्टेशनचं पॅड यूएसबीला जोडणारे काही अडॅप्टर चार बाण बटण म्हणून न पाठवता जॉयस्टिकचा अक्ष म्हणून पाठवतात, आणि एका अक्षावर डावीकडे आणि उजवीकडे एकाच वेळी असूच शकत नाही. ऑप्शन्समधलं 'टेस्ट इनपुट' उघडून दोन्ही दाबून बघा. एकच दिसला तर अडॅप्टर बदलण्यावाचून इलाज नाही. विकत घेताना तो डान्स पॅडसाठी चालतो का, बाण वेगवेगळ्या बटणांसारखे पाठवतो का, हे विचारून घ्या.

एकदा दाबलं की दोनदा लागतं, हा दोष पावसाळ्यात फार वाढतो. बेळगावचा आणि त्याहून जास्त खानापूरचा पाऊस मऊ पॅडच्या आतल्या स्पंजात ओल धरून ठेवतो आणि आतले पापुद्रे एकमेकांना चिकटतात. पॅड घडी घालून ठेवू नका, उभं टांगा किंवा सपाट ठेवा, आणि आत लाल चिखलाचे पाय येऊ देऊ नका. पॅड प्लायवूडच्या फळीवर ताणून बसवलं तर सरकणंही थांबतं. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत पत्रा कापून मिळतो, त्यामुळे काहीजण घरीच पत्र्याचं पॅड बनवतात. फार चांगली गोष्ट आहे. फक्त पॅड कॉम्प्युटरला जोडणारा आर्डुइनो हा छोटा सर्किट बोर्ड घेताना लिओनार्डो किंवा प्रो मायक्रो घ्या, ते कॉम्प्युटरला थेट कीबोर्ड म्हणून दिसतात. उनो तसं दिसत नाही. पत्र्याचे संपर्क थरथरल्यानं दुहेरी पाऊल लागत असेल तर प्रेफरन्सेसमध्ये 'इनपुट डिबाउन्स टाइम' ०.०२ करून बघा.

गाणंच दिसत नसेल तर फोल्डरची खोली मोजा : साँग्स, त्यात गटाचं फोल्डर, त्यात गाण्याचं. झिप उघडताना एक जादा फोल्डर तयार होतं आणि गाणं एक पायरी खाली जातं. नावाच्या जागी चौकोन दिसत असतील तर नाव देवनागरीत किंवा कन्नडमध्ये असणार. गेमच्या चित्रफॉन्टमध्ये दोन्ही लिप्या नाहीत. फाइल यूटीएफ-८ मध्ये ठेवा, मूळ नाव तसंच राहू द्या, आणि 'टायटल ट्रान्सलिट'च्या ओळीत रोमन अक्षरांत नाव लिहून ऑप्शन्समध्ये मूळ लिपीतली नावं दाखवणं बंद करा.

बिघडलेली पॅक्स परत जागेवर आणायची असतील तर

ज्यानं गाणं बांधलं त्याच्याकडून मूळ झिप मागून घ्या. ती मिळाली तर सगळ्यात सोपं, जुनं फोल्डर काढून टाका. नाही मिळाली तर ब्लूटूथ नसलेल्या, वायरच्या स्पीकरवर एकेक गाणं एफ ८ आणि एफ ७ लावून ऐका, टिक ठोक्यावर आणा आणि तेव्हाच 'हो' म्हणून सेव्ह करा. याला वेळ लागतो, पण दोघं बसलात, एक ऐकणारा आणि एक कळ दाबणारा, तर काम भराभर होतं. मग ते फोल्डर फक्त-वाचनीय करून ठेवा आणि पुढं त्याचीच प्रत द्या.

पेनड्राइव्हवरनं अख्खा गेम फिरवणाऱ्यांनी एक गोष्ट आणखी बघावी. गेमच्या फोल्डरात 'पोर्टेबल' नावाची आयएनआय फाइल असेल तर सेव्ह फोल्डरही तिथंच राहतं, आणि तुमच्या घरचा ग्लोबल ऑफसेट पेनड्राइव्हसोबत दुसऱ्याच्या घरी जातो. तिथं पोचल्यावर खेळायच्या आधी मशिन सिंक पुन्हा लावा, आणि घरी परत आलात की पुन्हा एकदा.